एम गेला कुठे? लंबक, डेरिव्हेशन आणि माझी एटीकेटी

आज कागद-पेन्सिल हाताशी असेल तर बरं. बसमध्ये लटकत ऐकत असाल तर राहू द्या, नुसतं ऐका. चित्र डोळ्यासमोर आणता येईल इतकंच सांगणार आहे.

मागच्या आठवड्यात एका ऐकणारीचा व्हॉइस मेसेज आला. वेळ रात्री पावणेदोनची. मुलगी एस.वाय.बी.एस्सी.ला आहे. म्हणते, "दादा, क्लासिकल मेकॅनिक्सचं डेरिव्हेशन वाचताना प्रत्येक ओळ कळते. पुस्तक मिटलं की डोक्यात काहीच उरत नाही. मग मी पाठ करते. पाठ केलेलं पेपरात उतरतं, मार्कही मिळतात, पण मला माहितीये की मला काही येत नाही. टी.वाय.ला फिजिक्स सोडून देऊ का?"

सोडावं की नको, हे मी कोण सांगणार. पण "मार्क मिळतात आणि येत काही नाही" हे वाक्य ऐकून मी मेसेज थांबवला आणि थोडा वेळ तसाच बसलो. कारण माझ्या बाबतीत एक दिवस मार्कही मिळेनासे झाले. ती गोष्ट मी आजवर या पॉडकास्टवर सांगितलेली नाही. आज सांगतो.

माझी दहावीपर्यंतची शाळा मराठी माध्यमाची, तालुक्याच्या गावातली. अकरावीला सायन्स घेतलं आणि वस्तुमानाचं मास झालं, त्वरणाचं ॲक्सिलरेशन झालं. कुणी समजावलं नाही की वस्तू तीच आहे, फक्त नाव बदललंय. मी गाईड आणलं आणि पाठांतराला लागलो. पाठांतर चांगलं होतं माझं. दुसऱ्या वर्षापर्यंत त्यावर आरामात निभावलं.

मग प्रॅक्टिकलची परीक्षा आली. माझ्या वाट्याला साधा लंबक. सोपा म्हणून मी खूश! दोरी, धातूचा गोळा, स्टॉपवॉच. रीडिंग घेतली, आलेख काढला, उत्तर काढलं. बाहेरून आलेले परीक्षक टेबलापाशी आले. जर्नल चाळलं आणि म्हणाले, "हा धातूचा गोळा काढून याच आकाराचा लाकडी लावला, तर टाइम पिरियड बदलेल का?"

मी ताडकन म्हणालो, "हो सर. जड गोळा सावकाश हलेल."

त्यांनी जर्नल माझ्याकडे फिरवलं. माझ्याच अक्षरात, दोन रंगांच्या पेनाने चौकट करून सूत्र लिहिलं होतं. टी बरोबर टू पाय, वर्गमुळात एल भागिले जी. त्यावर बोट ठेवून ते म्हणाले, "यात मला एम दाखव."

एम नव्हता. दोन वर्षं मी ते सूत्र लिहीत होतो आणि त्यात वस्तुमान नाही हे मला दिसलंच नव्हतं. ते चिडले नाहीत, टोमणा मारला नाही. हळूच विचारलं, "मग एम गेला कुठे?" मी गप्प. त्याच आठवड्यात थिअरीच्या पेपरात एका डेरिव्हेशनची मधली एक ओळ विसरलो आणि पुढची सगळी पाटी कोरी झाली. पाठांतराचं असंच असतं, एक कडी निसटली की साखळीच हातातून जाते. निकाल लागला, मेकॅनिक्सला एटीकेटी. घरी सांगताना वडील एवढंच म्हणाले, "तुला जमत नसेल तर आत्ताच सांग, उगाच वर्षं घालवू नको." रागाने म्हणाले असते तर परवडलं असतं.

तर, एम गेला कुठे? चला, शोधू या. पुस्तकात हे डेरिव्हेशन सहा-सात ओळींचं असतं. आपण जरा रेंगाळत जाऊ.

दोरीला गोळा टांगलाय, एका बाजूला थोडा ओढून धरलाय. त्याच्यावर बलं दोनच. एक पृथ्वीचं, सरळ खाली: एम गुणिले जी. दुसरं दोरीचा ताण, दोरीच्या दिशेने वर. हवेचं काय? हवा आपण सोडून दिली. पहिल्याच पायरीवर काहीतरी सोडलं, लक्षात ठेवा. दोरीला वजन नाही असंही धरलं, आणि ती ताणली जात नाही असंही. म्हणजे चित्र काढतानाच आपण तीन निर्णय घेऊन बसलो. पुस्तक ते एका वाक्यात उरकतं आणि आपण ते वाक्य ओलांडून थेट समीकरणावर उडी मारतो.

गोळा हलतो तो कमानीवरून. कमानीच्या दिशेने ताणाचा काही वाटा नाही, कारण ताण तिला काटकोनात आहे. म्हणून ताण हिशोबातून बाहेर. राहिला पृथ्वीच्या ओढीचा तो भाग, जो कमानीच्या दिशेने आहे: एम जी सायन थीटा. आणि त्याच्या आधी एक वजाचं चिन्ह.

या वजावर थोडं थांबतो, कारण निम्मी पोरं इथे घसरतात. हे वजा म्हणजे "बल कमी आहे" असं नाही. गोळा उजवीकडे गेला तर बल डावीकडे, डावीकडे गेला तर उजवीकडे. वजा म्हणतंय, "परत ये." हे चिन्ह चुकून अधिक लिहा आणि समीकरण सोडवा. गोळा मध्यापासून दूर, आणखी दूर पळत सुटेल. कुठला लंबक असं करतो? एका चिन्हात लंबकाचा सगळा स्वभाव आहे, आणि आपण ते "सरांनी लिहिलं म्हणून" लिहितो.

आता न्यूटनचा दुसरा नियम. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण. डावीकडे वजा एम जी सायन थीटा, उजवीकडे एम गुणिले कमानीवरचं त्वरण. दोन्हीकडे एम. कापला.

झालं. एम इथे गेला. वर्गात या कापण्याला एक सेकंद लागतो, खडूची एक तिरकी रेघ. मीही ती रेघ पन्नास वेळा मारली असेल.

पण जरा ते दोन एम बघा. एक एम सांगतो की पृथ्वी या गोळ्याला किती जोरात ओढते. दुसरा सांगतो की हा गोळा जागचा हलायला किती कंटाळा करतो. ओढलं जाणं आणि कंटाळा करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकाच आकड्याने मोजल्या जाव्यात असं कुणी सांगितलं? विजेचं उदाहरण घ्या. विद्युतक्षेत्रात कणावर बल किती लागेल ते त्याच्या विद्युतभारावर ठरतं आणि कंटाळा वस्तुमानावर. एकीकडे क्यू, दुसरीकडे एम. तिथे काही कापलं जात नाही. गुरुत्वाकर्षणातच कापलं जातं. म्हणजे ती तिरकी रेघ बीजगणिताची नाही, निसर्गाबद्दलचं एक फार मोठं विधान आहे.

हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही. एटीकेटी लागल्यावर सुट्टीत गावी होतो, तोंड लपवून. परीक्षकांचा तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता. मग एके दुपारी घरातले दोन सारखे डबे घेतले, एकात गहू गच्च भरले, दुसऱ्यात बांधकामाची वाळू. वाळूचा डबा उचलताना दुपटीने जड लागत होता. पडवीच्या आढ्याला सहा फुटांच्या आसपास दोरी बांधून आधी एक, मग दुसरा टांगला. वीस फेऱ्या मोजल्या. गहू, चोपन्न सेकंद. वाळू, चोपन्न सेकंद. आई दारात येऊन म्हणाली, "अरे, गव्हाला झोके कसले देतोस?" मी पुन्हा मोजलं. पुन्हा चोपन्न. सूत्रात आकडे घालून बघितले, तेही चोपन्न! आयुष्यात पहिल्यांदा एक समीकरण माझ्यासमोर टांगलेलं होतं आणि हलत होतं.

बऱ्याच वर्षांनी वाचलं की हा उद्योग खुद्द न्यूटनने करून ठेवलाय. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त तो लिहितो की त्याने सोनं, चांदी, शिसं, काच, वाळू, मीठ, लाकूड, पाणी आणि गहू अशा नऊ पदार्थांचे लंबक करून पाहिले. होय, गहूसुद्धा! लाकडाच्या दोन सारख्या पेट्या, अकरा फुटी दोऱ्या. पेट्या सारख्या का? तर हवेचा अडथळा दोन्हींना सारखा व्हावा म्हणून. दोन्ही लंबक बराच वेळ बरोबरीने हलत राहिले. हजारात एक भाग एवढा जरी फरक असता तरी कळला असता, असं त्याने नोंदवलंय. म्हणजे ज्याच्या नावाने आपण ती तिरकी रेघ मारतो, त्याने ती मारण्याआधी तपासून घेतली होती.

आणि गोष्ट तिथे थांबली नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं, दोन्ही एकदम खाली. यूट्यूबवर आहे, बघा. २०१६ साली 'मायक्रोस्कोप' नावाचा फ्रेंच उपग्रह फक्त एवढ्याचसाठी सोडला की टायटॅनियम आणि प्लॅटिनम सारखेच पडतात का ते बघावं. २०२२ मध्ये शेवटचे निकाल आले. एकावर पंधरा शून्यं, इतक्या भागांत साधारण एका भागापर्यंत फरक सापडला नाही. आणि आइन्स्टाइन १९०७ मध्ये पेटंट ऑफिसात नोकरी करताना याच गोष्टीवर अडला होता, की सगळं सारखंच का पडतं? त्यातून पुढे १९१५ मध्ये त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत आला. आपण ज्या ओळीवरून एका सेकंदात पुढे जातो, तिथे हा माणूस आठ वर्षं बसला होता.

बरं, आपला लंबक अर्धाच सोडवलाय. एम गेला. उरलं काय, तर त्वरण आणि सायन थीटा. आता सर म्हणतात, "कोन लहान आहे, म्हणून सायन थीटा बरोबर थीटा." आणि आपण मान डोलावतो.

ही तडजोड आहे, आणि तिची किंमत मोजता येते. फोनमधला कॅल्क्युलेटर रेडियनवर टाका. दहा अंश म्हणजे ०.१७४५ रेडियन, त्याचा सायन ०.१७३६. फरक अर्ध्या टक्क्याचा. नव्वद अंशांना रेडियन १.५७ आणि सायन १. तिथे तडजोड पार कोसळते. दोलनकाळात याचा परिणाम किती? दहा अंशांपर्यंत झोका दिला तर खरा काळ सूत्रापेक्षा सुमारे ०.२ टक्के जास्त येतो. नव्वद अंशांपर्यंत दिला तर १८ टक्के. प्रॅक्टिकलला "लहान झोका द्या" असं जे ओरडून सांगतात ते याचसाठी. मला वाटायचं, स्टँड पडेल म्हणून सांगतात. (हसू.)

या तडजोडीने हैराण झालेला माणूस म्हणजे ख्रिस्तियान हायगेन्स. त्याने १६५६ मध्ये लंबकाचं घड्याळ बनवलं. पण झोका मोठा-लहान झाला की वेळ बदलणार, हे त्याला चालणारं नव्हतं. तर त्याने शोधून काढलं की गोळा वर्तुळाच्या कमानीवरून न नेता सायक्लॉइड नावाच्या वक्रावरून नेला, तर झोका केवढाही द्या, वेळ तोच. चालत्या चाकाच्या कडेवरचा एक ठिपका हवेत जी रेघ काढतो ती सायक्लॉइड, फक्त इथे ती उलटी धरायची. १६७३ च्या त्याच्या पुस्तकात ही सिद्धता आहे. म्हणजे "कोन लहान" ही अट ज्याला दिसली त्याने नवीन भूमिती काढली. आपल्याला ती अट कंसात छापलेली दिसते.

आता त्या मुलीच्या मूळ तक्रारीकडे येतो. "प्रत्येक ओळ कळते, पण पुस्तक मिटलं की काही उरत नाही." माझं म्हणणं असं, की ओळ कळते म्हणजे एका ओळीतून दुसऱ्या ओळीत जायचं बीजगणित कळतं. ते बारावीपर्यंत आलेलंच असतं. कळत नाही ते हे, की प्रत्येक "इक्वल टू" म्हणजे नेमकं काय म्हणतंय. सगळे इक्वल टू एका माळेचे मणी नसतात.

वेग बरोबर अंतर बदलण्याचा दर, ही व्याख्या आहे. तिच्याशी भांडता येत नाही, आपणच ठरवलंय. बल बरोबर वस्तुमान गुणिले त्वरण, हा निसर्गाबद्दलचा दावा आहे. तो खोटा ठरू शकला असता, आणि प्रकाशाच्या वेगाच्या जवळ या रूपात तो चालतही नाही. कमानीची लांबी बरोबर दोरीची लांबी गुणिले कोन, ही भूमिती. सायन थीटा बरोबर थीटा, ही तडजोड. वहीत चारही चिन्हं सारखीच दिसतात, दोन आडव्या रेघा. म्हणून मी समासात पेन्सिलीने लिहायला लागलो: व्या, नि, भू, त. व्याख्या, नियम, भूमिती, तडजोड. एका डेरिव्हेशनला आधी दहा मिनिटं लागायची, मग पाऊण तास लागायला लागला. आठवड्याला चारच व्हायची. रूममेट म्हणायचा, "तू असाच बसलास तर पोर्शन पुढच्या जन्मी संपेल." त्याचं चुकत नव्हतं. काही युनिट मी सरळ सोडले.

पण विसरण्याची भीती गेली. उदाहरण देतो. वर्गमुळात एल भागिले जी की जी भागिले एल, हे मी नेहमी विसरायचो. आता विसरलो तरी चालतं. दोरी लांब केली तर झोका सावकाश होतो, हे अंगणातल्या झोपाळ्यावर बसलेल्या कुणालाही माहीत असतं. म्हणजे एल वर. गुरुत्व नसलंच तर गोळा परत येणारच नाही, काळ अनंत. म्हणजे जी खाली. एककं बघा: मीटर भागिले मीटर प्रति सेकंद वर्ग, उरला सेकंदाचा वर्ग, त्याचं वर्गमूळ सेकंद. बरोबर. आणि गंमत म्हणजे एम का नाही हे इथेही दिसतं. एममध्ये किलोग्रॅम आहे. एल आणि जीमध्ये किलोग्रॅम नाहीच, मग तो कापणार कोण? उत्तर सेकंदात यायचं तर एमला आत शिरताच येत नाही. फक्त टू पाय असा मिळत नाही, त्यासाठी डेरिव्हेशनच करावं लागतं.

आणखी एक सांगतो, कारण या गोष्टीचा मला फार आधार वाटला. "कायनेटिक एनर्जी बरोबर अर्धा एम व्ही वर्ग" हे आपल्याकडून एका तासात अपेक्षित असतं. पुस्तक म्हणतं, दोन्ही बाजूंना वेगाने गुणा. का गुणा? कुणाला सुचलं? खरं तर व्ही की व्हीचा वर्ग यावर युरोपात काही दशकं भांडणं चालली होती. ग्राव्हेसांडे नावाच्या डच प्राध्यापकाने पितळी गोळे मऊ चिकणमातीत टाकून पाहिले. वेग दुप्पट तर खड्डा दुप्पट नाही, चौपट खोल. एमिली द्यु शातले या फ्रेंच विदुषीने १७४० च्या आपल्या पुस्तकात वर्गाची बाजू लावून धरली. आणि तो "अर्धा" रूढ झाला कोरिओलिसच्या १८२९ च्या पुस्तकानंतर. म्हणजे 'प्रिन्सिपिया'नंतर जवळपास दीडशे वर्षांनी! "बल बरोबर एम ए" सुद्धा आपण लिहितो तसं 'प्रिन्सिपिया'त सापडत नाही, समीकरणांच्या रूपात ते ऑयलरने १७५० च्या सुमारास मांडलं. पुस्तकातलं डेरिव्हेशन म्हणजे रस्ता झाल्यावर झाडून स्वच्छ केलेला. खडी, खड्डे, फिरून मागे आलेली माणसं त्यात दिसत नाहीत. तुम्हाला एका तासात कळलं नाही तर डोक्यात बिघाड आहे असं नाही.

एटीकेटीचा पेपर ऑक्टोबरात होता. लंबक आलाच नाही. आली स्प्रिंग. स्प्रिंगला वजन टांगून खाली ओढलं तर दोलनकाळ काढा. मी चित्र काढलं, वजाचं चिन्ह नीट ठेवलं, तडजोडीच्या जागी "स्प्रिंग फार ताणली नाही" असं लिहिलं. शेवटी टी बरोबर टू पाय, वर्गमुळात एम भागिले के.

एम कापला गेला नव्हता. पेन खाली ठेवून मी त्याच्याकडे बघत राहिलो. स्प्रिंग किती जोरात ओढते हे ती किती ताणली त्यावर ठरतं, तिला टांगलेल्या वस्तूचं वस्तुमान माहीतच नसतं. कंटाळ्याचा एम एकटाच उरतो, कापायला जोडीदार नाही. अंतराळ स्थानकात लंबक हलत नाही, पण अंतराळवीर स्वतःचं वस्तुमान मोजतात ते स्प्रिंगवर हेलकावे घेऊनच. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. पण एम इथे का आहे आणि तिथे का नव्हता, ते माहीत होतं. उत्तरपत्रिकेत मी त्यावर दोन ओळी जास्तीच्या लिहिल्या. कुणी विचारलं नव्हतं. मार्क सांगत नाही, पास झालो.

तर, पावणेदोनला मेसेज पाठवणारे, टी.वाय.चा निर्णय तुझा तू घे, घरच्यांशी बोल. त्याआधी एकच काम कर. तुला पाठ असलेलं एखादं डेरिव्हेशन एका पानावर लिही आणि समासात पेन्सिलीने व्या, नि, भू, त लिहीत जा. जिथे काय लिहावं ते कळणार नाही तिथे प्रश्नचिन्ह टाक. त्या पानाचा फोटो पाठव, प्रश्नचिन्हांसकट. पुढच्या भागात आपण त्या प्रश्नचिन्हांपासूनच सुरुवात करू.